वादी अदाईचे पाद्रीबुवा

पाद्रीबुवांचा उजवा हात नेहमी पँटच्या खिशात असायचा. चालताना, बोलताना, जिना चढतानासुद्धा. कुणी ओमानी माणूस भेटला तर डावा हात पुढे करणं अपमानाचं, म्हणून तेवढ्यापुरता तो बाहेर यायचा आणि भेट संपली की घाईनं परत खिशात जायचा. आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांना वाटे, हाताला काही आजार असेल. मला खरं कारण कळायला दोन महिने लागले. एकदा बोलण्याच्या भरात हात खिशातून सुटला आणि आपोआप वर गेला. पहिली दोन बोटं सरळ, बाकीची दुमडलेली. ख्रिस्ती धर्मगुरू आशीर्वाद देताना धरतात, अगदी तसा. त्यांचं स्वतःचं लक्ष गेलं तेव्हा चेहरा उतरला. हात खाली घेऊन म्हणाले, "तीस वर्षांची सवय आहे, मादाम. तोंड गप्प करता येतं. हात ऐकत नाही."

ते मूळचे फ्रेंच. तरुणपणी धर्मगुरू होऊन हिंदी महासागरातल्या एका बेटावर गेले आणि तिथलेच झाले. त्या बेटाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथं अजून आमच्या ओळखीच्यांची माणसं आहेत. तिथल्या बंदरात हमालांचा संप झाला तेव्हा पाद्रीबुवांनी चर्चचं दार उघडून त्यांना आत झोपायला जागा दिली. सरकारनं त्यांना देशाबाहेर काढलं. वरच्या धर्मगुरूंनी सांगितलं, गप्प राहा, दुसरीकडे पाठवू. त्यांनी झगा काढून ठेवला आणि राजीनामा लिहिला. त्यांचा एक जुना विद्यार्थी मस्कतला होता. त्यानं तिथल्या रुवी भागातल्या एका खासगी क्लासमध्ये फ्रेंच शिकवायची नोकरी मिळवून दिली आणि पाद्रीबुवा मस्कतच्याच वादी अदाई भागात आमच्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. आम्ही पहिल्या मजल्यावर. 'पाद्रीबुवा' हे नाव आमच्या ह्यांनी ठेवलेलं. त्यांच्यासमोर मी 'सर' म्हणायची.

माझी त्यांची गाठ पडली ती खालच्या किराणा दुकानाच्या काचेवर चिकटवलेल्या चिठ्ठीमुळे. टायपिस्ट पाहिजे, शॉर्टहँड येत असल्यास उत्तम. आजच्या काळात शॉर्टहँड कोण मागतं? मी चिपळूणला क्लासमध्ये शिकलेली, नंतर पंधरा वर्षं एका वकिलांकडे डिक्टेशन घेतलेली. हे इथं एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर, मुलं पुण्याला आपापल्या संसारात. दिवसभर खिडकीतून समोरचा बोडका डोंगर बघत बसायचं, एवढाच माझा उद्योग होता. मी पेन्सिल आणि वही घेऊन वर गेले. त्यांना डोळ्यांचा त्रास होता, मधोमध दिसायचं नाही, कडेकडेचं तेवढं दिसायचं. त्यांनी परीक्षा म्हणून भराभर दहा वाक्यं इंग्रजीत सांगितली, मी घेतली आणि वाचून दाखवली. ते म्हणाले, "मी मध्ये खोकलो, ते लिहिलं नाहीत ना?" आणि माझी नेमणूक झाली.

दुपारची नमाज झाली, ऊन जरा कलंडलं की मी वर जात असे. ते फ्रिजपासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालत सांगायचे. पूर्णविराम तोंडानं म्हणायचे नाहीत. टेबलाजवळ आले की बोटाच्या पेरानं एक टकटक करायचे, की वाक्य संपलं. एखादं वाक्य लांबलं तर टेबल ओलांडून पुढे जात आणि टकटक करायला परत मागे येत. "वाक्याला स्वतःच्या पायांवर चालता आलं पाहिजे, मादाम," असं त्यांचं म्हणणं होतं. "ते जिथं जाईल तिथं आपण त्याला सांभाळायला जाणार नाही." मला हे फार आवडलं होतं. मी वहीच्या कोपऱ्यात लिहूनही ठेवलं.

मस्कतमध्ये माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, तुम्ही कुठले. पाद्रीबुवा तो कधीच विचारायचे नाहीत. ते विचारायचे, काय काम करता? आणि लगेच पुढचा प्रश्न, "तुम्ही थांबलात तर काय थांबतं?" ह्यांना विचारलं तेव्हा हे म्हणाले, "एसी." पाद्रीबुवा इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. "मग या शहरात सगळ्यांत मोठे तुम्ही." ह्यांची छाती आठ दिवस फुगलेली होती. टँकरवाला, शाळेतल्या बाई, रस्ता झाडणारा बंगाली, सगळ्यांना त्यांनी हा प्रश्न विचारला होता आणि प्रत्येकजण उत्तर देताना जरा ताठ उभा राहायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एकजण मात्र ताठ उभा राहिला नाही. आमच्याच तालुक्यातले हमीदभाई. रुवीत त्यांचं मसाल्याचं आणि कापडाचं दुकान आहे. पस्तीस वर्षं इथं काढली तरी बोलणं खाडीकाठचंच. मीच पाद्रीबुवांना त्यांच्याकडे दालचिनी घ्यायला घेऊन गेले होते. नेहमीचा प्रश्न झाला. हमीदभाई विचार करून म्हणाले, "मी थांबलो तर दुकान थांबंल." पाद्रीबुवा म्हणाले, "शेजारी अजून चार दुकानं आहेत ना?" मी हे भाषांतर करून सांगायला नको होतं, पण सांगून बसले. हमीदभाईंनी पुडी बांधली, वर चार वेलदोडे टाकले आणि हसले. बाहेर पडताना मला हळूच म्हणाले, "वैनी, ह्यो मानूस काय लिवतो हो तुमच्याकडनं?" त्यांचा धाकटा भाऊ इब्राहिम त्याच बेटावर दुकान चालवत होता. वीस वर्षं झाली होती त्याला. तिथली बहुतेक दुकानं आपल्याकडच्या, नाहीतर गुजरातकडच्या लोकांचीच होती.

पाद्रीबुवांवर माझा जीव का जडला हेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझी आई चिपळूणला वारली तेव्हा मला वेळेवर विमान मिळालं नाही. मी इथंच राहिले. शेजारणी येऊन गेल्या, देवाची इच्छा, सुटली बिचारी, असं सगळं बोलून गेल्या. पाद्रीबुवा आले आणि एक शब्द बोलले नाहीत. स्वयंपाकघरात गेले. माझ्या सिंकमध्ये दोन दिवसांची भांडी साचली होती, ती त्यांनी घासली. कढईचा तळ जळला होता, तो राखेनं घासतात तसा घासला. दोन्ही हात कोपरापर्यंत साबणात. मग हात पुसून समोर बसले आणि अर्ध्या तासानं म्हणाले, "आईचं नाव काय होतं?" मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा उच्चारून नीट बसवलं आणि निघून गेले. अशा माणसानं सांगितलेलं मी का लिहून घेणार नाही?

मी लिहून घ्यायचे ते पुस्तक बारा पानांचं होतं. बेटावरच्या लोकांसाठी. तिथल्या बंदरातला मुकादम, जुस्तँ नावाचा, पाद्रीबुवांचा जुना चेला होता. तो फोन करून तिथली हवा सांगायचा, आणि आमचं इंग्रजी तिथल्या बोलीत उतरवून छापणारही तोच होता. धान्य महागलंय, सैनिकांचे पगार अडकलेत, लोक चौकात जमायला लागलेत. लोकांना राग आहे, पण कशाचा ते नेमकं सांगता येत नाही. "ते सांगणं माझं काम," पाद्रीबुवा म्हणायचे. पुस्तकाचा सगळा डोलारा त्यांच्या त्या एका प्रश्नावर होता. देश कोणाचा? जे थांबले तर काहीतरी थांबतं, त्यांचा.

एका दुपारी ते चौथ्या पानावर आले. त्यांच्या मनात होते ते तिथले मळेवाले, जे परदेशात राहतात आणि वर्षातून एकदा लवंगांचा हिशेब बघायला उतरतात. ते म्हणाले, "ज्याच्या थांबण्यानं काहीच थांबत नाही, तो देशावरचं ओझं आहे." टकटक झाली. माझी पेन्सिल थांबली.

"काय झालं?"

"ओझं हा शब्द बरा वाटत नाही, सर."

"बरा वाटावा म्हणून लिहिलेलाच नाही."

"तसं नाही. ओझं माणूस खाली टाकतो."

ते खिडकीपाशी उभे राहिले. मग म्हणाले, "मग तुम्ही काय म्हणाल?"

मी म्हटलं, "पाहुणा म्हणा. गेस्ट. पाहुण्याला कुणी टाकत नाही. त्याला पाणी देतात, गूळ देतात, आणि वेळ झाली की तो आपणहून उठतो."

त्यांनी वाक्य नवीन शब्द घालून मनाशी म्हणून पाहिलं. मग टेबलापाशी आले आणि टकटक केली. "मादाम, माझ्यापेक्षा राजकारण तुम्हाला जास्त कळतं." मी त्या दिवशी जिना उतरले ती जवळजवळ उड्या मारत. घरी शिरा केला. ह्यांनी विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, सहज.

हे आधीपासूनच नाराज होते. "दुसऱ्याच्या देशात बसून तिसऱ्याच्या देशाचं राजकारण करायचं," ते म्हणायचे, "आणि टाइप करणार चौथ्या देशाची बाई. सुनंदा, आपण व्हिसावर राहतो." मी हाच विषय पाद्रीबुवांकडे वेगळ्या तऱ्हेनं काढला. म्हटलं, "सर, तुमच्या हिशेबानं हे शहर आमचं व्हायला हवं. आम्ही सगळे थांबलो तर इथं काय चालेल? आणि आम्ही तर पाहुणे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे मान वळवून डोळ्याच्या कडेनं, त्यांना तसंच दिसायचं. म्हणाले, "ते दुसरं पुस्तक, मादाम." आणि पुढचं वाक्य सांगायला लागले. ते दुसरं पुस्तक कधी सुरू झालं नाही.

आमच्या बिल्डिंगचे मालक सत्तरीचे ओमानी गृहस्थ. सगळे त्यांना अर्बाब म्हणतात, म्हणजे धनी. त्यांचा जन्म झांजीबारचा. तिकडे उठाव झाला तेव्हा आठ वर्षांचे असताना आईचा हात धरून होडीत बसले आणि मस्कतला उतरले. अजून अरबीपेक्षा स्वाहिली गोड बोलतात. पाद्रीबुवांनाही स्वाहिली यायची, कारण त्या बेटाची बोली तिच्या फार जवळची. शुक्रवारी संध्याकाळी दोघं खाली खुर्च्या टाकून कहवा पीत बसायचे. पुस्तक बेटावर रवाना झालं त्या आठवड्यात अर्बाबनी मला जिन्यात थांबवलं. आमच्याशी ते मोडक्या हिंदीत बोलतात.

"मादाम, किताब गई?"

"गई."

"गेस्ट को उधर की ज़बान में क्या बोलेंगे, मालूम है?"

मी मान हलवली.

"म्गेनी. मेहमान भी म्गेनी, परदेसी भी म्गेनी. एक ही लफ़्ज़. घर में आया तो मेहमान. घर बनाया तो परदेसी."

त्यांनी मग आपली गोष्ट सांगितली. त्यांच्या घरी रोज सकाळी एकजण नारळ घेऊन यायचा. मुलांना खोबऱ्याचे तुकडे द्यायचा. शेवटच्या दिवशीही तोच आला. हातात नारळ फोडायचाच कोयता होता. "उस दिन उसके पास नया कुछ नहीं था," अर्बाब म्हणाले. "बस एक लफ़्ज़ नया था." जाता जाता वर दुसऱ्या मजल्याकडे बोट करून म्हणाले, "ये आदमी अच्छा है, मादाम. इसलिए डर लगता है."

मी तशीच वर गेले आणि पाद्रीबुवांना सांगितलं. त्यांना ते आधीच सुचलं नव्हतं याचं मला आश्चर्य वाटलं, आणि त्यांनाही वाटलं असावं. ते खाली बसले. इंग्रजीत विचार करत होतो, म्हणाले. तुमच्यासाठी. मग उठले आणि एक तळटीप सांगितली. पाहुणा म्हणजे परका नव्हे. पिढ्यान् पिढ्या इथं राबून खाणारा कुठल्याही धर्माचा, वर्णाचा माणूस या देशाचाच आहे. सहा ओळी होत्या. मी लगेच टाइप करून पाठवल्या. पुढे छापलेल्या पुस्तकाचे फोटो आले तेव्हा मी चौथं पान मोठं करकरून पाहिलं. तळटीप नव्हती. जुस्तँचं म्हणणं, पान भरलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला बेटावरचं बंदर थांबलं. मग आगगाडी, मग वीज. पाद्रीबुवा फोन कानाला लावून दिवसभर फेऱ्या घालायचे. राष्ट्राध्यक्ष पळाल्याची बातमी आली तेव्हा ते खुर्चीत बसून रडले आणि मीही रडले. त्यांच्या म्हाताऱ्या डोळ्यांतून पाणी आलेलं बघून मला खरंच वाटलं, की चांगलंच झालं. चौकात हजारो लोक एक वाक्य म्हणत होते. त्यांनी ते मला ऐकवलं. समुद्राच्या गाजेसारखा आवाज. त्यात एकच शब्द मला ओळखता आला.

चार दिवसांनी हमीदभाई आमच्या दारात उभे. दुकान सोडून ते असे कधी येत नाहीत. त्यांनी फोन पुढे केला. फोटोत इब्राहिमच्या दुकानाचं बंद शटर होतं आणि त्यावर रोमन लिपीत पाच मोठी अक्षरं. म्गेनी.

"सगळ्या आळीत लिवलंय," हमीदभाई म्हणाले. "धा दिवसांत धक्क्यावर जमा व्हा म्हनतात. वैनी, मला वर घिवून चला."

पाद्रीबुवांनी त्यांना खुर्ची दिली. हमीदभाई बसले नाहीत. मी मध्ये उभी राहून दोघांचं एकमेकांना सांगत होते.

"त्यांना सांगा, माजा भाव चोर नाय. त्यानं कुनाला उपाशी धाडलं नाय. उधारीची वही जाळून टाकतो म्हनतोय तो."

पाद्रीबुवा म्हणाले, "मला मळेवाले म्हणायचे होते. दुकानदार नव्हे."

"मग तसं लिवा की."

"लिहिलं होतं."

"मग परत लिवा. तुमचं ऐकतात ना ते?"

पाद्रीबुवा खिडकीकडे वळले. हमीदभाई अगदी शांतपणे म्हणाले, "तुमी मला इचारलं होतंत, मी थांबलो तर काय थांबतं. मी घरी जावून लय इचार केला. माजी आई थांबते, साहेब. भावाचं बरंवाईट झालं तर ती थांबंल." मी हे भाषांतर केलं. पाद्रीबुवांनी खिशातला हात बाहेर काढला आणि टेबलाची कड धरली.

त्या संध्याकाळी त्यांनी बेटाचा कारभार हाती घेतलेल्या नव्या समितीला पत्र सांगितलं. इतकं साधं डिक्टेशन त्यांनी मला कधी दिलं नव्हतं. कुणाच्या दाराला हात लावू नका, एवढाच मजकूर. दोन दिवस काही आलं नाही. मग जुस्तँचा फोन आला. पाद्रीबुवांनी तो माझ्यासमोरच घेतला. भाषा मला कळत नव्हती, पण जुस्तँचा आवाज आदराचा होता; तो काय म्हणाला ते त्यांनी मग इंग्रजीत सांगितलं. "फादर, लोकांना आत्ता गोंधळात टाकायला नको. तुम्ही थकलात. ते वाक्य आता आमचं आहे." फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "मादाम, मी त्याला बाप्तिस्मा दिला होता. तेव्हा तो इतकुसा होता." हातांनी माप दाखवलं.

त्यानंतर ते बदलले. फेऱ्या बंद झाल्या. खिडकीला तोंड करून बसायचे. मी जायचे, वही उघडायचे, ते काही सांगायचे नाहीत आणि तासाभरानं मी वही मिटून परत यायचे. समितीनं त्यांच्यावरची जुनी बंदी उठवली होती आणि राज्यघटनेच्या कामासाठी बोलावणंही धाडलं होतं. त्या दहातल्या सहाव्या दिवशी त्यांनी सांगितलं, मी जातो आहे.

ह्यांनी समजावलं. अर्बाब दोनदा वर येऊन गेले. मी तर भांडलेच. म्हटलं, "तुम्हाला नीट दिसत नाही. तिथं जाऊन काय करणार?"

"माझं वाक्य कोणत्या घरात शिरलंय ते बघणार."

"आणि बघून?"

"चर्च सोडलं तेव्हा मी काय लिहिलं होतं माहीत आहे? की तुम्ही वरून बोलता आणि खाली उतरत नाही. आता मी वादी अदाईत बसून राहिलो, तर त्या पत्राचा अर्थ काय?"

हे त्यांना गाडीतून विमानतळावर घेऊन गेले, मी मागच्या सीटवर. एक छोटी बॅग. उतरल्यावर त्यांनी ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि माझ्यापुढे थोडे वाकले. म्हणाले, "तुमची वही जपून ठेवू नका, मादाम. जाळून टाका. पहिल्या खर्ड्यासकट." मला वाटलं, आमच्या व्हिसाच्या काळजीनं सांगतायत. मी घरी येऊन जाळली. शॉर्टहँडचा कागद लगेच पेटतो, पातळ असतो.

मग बातमी नाही. फोन बंद. हिवाळ्यात, एकदम एका सकाळी, हमीदभाईंचा निरोप आला, की इब्राहिम, त्याची बायको जुबेदा आणि मुलं सुखरूप पोचली. बोटीनं आफ्रिकेच्या किनाऱ्याला, तिथं कागदपत्रांसाठी महिने काढून मग विमानानं. मी अल अमेरातला हमीदभाईंच्या घरी भेटायला गेले. डोंगर चढून घाट उतरला की पलीकडे त्यांचं घर. इब्राहिम कागदपत्रांसाठी बाहेर गेला होता. जुबेदा आतल्या खोलीत जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. तिनं सगळं सांगितलं, हात न थांबवता.

पाद्री आला तेव्हा आधी समितीच्या इमारतीत होता, म्हणाली. दोन दिवसांनी एकटाच भिंत चाचपत त्यांच्या आळीत आला. त्या दिवशी लोक शटरं फोडायला जमले होते. तो मध्ये उभा राहिला. सगळे त्याला ओळखत होते, म्हणून थांबले. कुणीतरी ओरडून विचारलं, फादर, हे वाक्य तुमचं नव्हे काय? तो म्हणाला, माझं. मग म्हणाला, 'पाहुणा' हा शब्दही माझाच, तो मी एकट्यानं शोधला, आणि पाहुण्याला पाणी देतात हे तुम्हाला सांगायचं राहिलं. लोक चुळबुळले. मग गर्दीतल्या एकानं विचारलं, फादर, तू थांबलास तर काय थांबंल? सगळे हसले.

"तो पन हसला," जुबेदा म्हणाली. "म्हनाला, कायच नाय थांबनार. म्हंजे मी पन म्गेनीच. आनि आमच्या पायरीवर, गाठोड्यांच्या मदी बसला."

शटरं त्या दिवशी फुटली नाहीत. रात्रीच्या आत सगळ्यांना धक्क्यावर पोचवलं गेलं. पाद्रीबुवाही त्यांच्याबरोबर चालत आले. बोटीच्या शिडीपाशी एक गाडी आली. त्यातून जुस्तँ उतरला. त्यानं टोपी काढली, दार उघडून धरलं आणि म्हणाला, फादर, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. फार आदबीनं म्हणाला. पाद्रीबुवांनी मागे वळून बोटीकडे मान फिरवली, पण तोंड चुकीच्या बाजूला झालं. मग ते गाडीत बसले. त्यानंतर त्यांना कुणी पाहिलेलं नाही. अर्बाब अजून ओळखीपाळखीतून चौकशा करतात. उत्तर एकच येतं, ते बरे आहेत, विश्रांती घेत आहेत.

जुबेदाचं सांगून झालं. ताटातले तांदूळ तिनं एका बाजूला सारले आणि नवी मूठ घेतली. मी म्हटलं, "तो शब्द त्यांचा नव्हता, जुबेदा. त्यांनी दुसरा लिहिला होता. मी बदलायला लावला. पाहुणा हा शब्द माझा."

तिनं मान वर केली नाही. बोटं चालूच होती. खडे एकीकडे, तांदूळ एकीकडे. मला वाटलं, आता ऊठ म्हणेल.

"आमच्या शटरवर लिवलान तो शेजारचा सुतार," ती म्हणाली. "त्याला अक्षर येत नव्हतं, वैनी. मीच शिकवलं, माज्या पायरीवर बसवून, दोन वर्सं. त्याचा एम कायम उलटा पडायचा. किती येळा पाटी पुसून दिली." ती जरा थांबली. "दार उघडून शटर बघितलं ना, तवा सगळ्यांत आदी मला तेच दिसलं. की एम बरोबर काढलान. आनि मला बरं वाटलं."